जॅक्सन-व्हॅनिक आणि रशियाची अडलेली उधारी

अमेरिकेच्या व्यापार कायद्यातली जॅक्सन-व्हॅनिक अमेंडमेंट म्हटलं की सगळे एमएफएनबद्दल (मोस्ट फेवर्ड नेशन, म्हणजे इतर देशांइतकीच कमी आयात ड्युटी) बोलतात, पण मला विचाराल तर रशियाला खरा दणका बसला तो उधारीचा, आणि तोही शेजारच्याच दुसऱ्या कायद्याने.

झालं असं की ऑगस्ट १९७२ मध्ये सोव्हिएत सरकारने फतवा काढला, देश सोडून जायचंय ना, मग तुमच्या शिक्षणावर झालेला खर्च भरा. जितकं जास्त शिकलात तितकी जास्त वसुली! त्यात भरडले गेले ते मुख्यतः इस्रायलला निघालेले ज्यू. आणि हे कधी, तर निक्सन-ब्रेझनेव्हचं मस्त जमलेलं असताना. ऑक्टोबरमध्ये करारसुद्धा झाला, रशियाने महायुद्धातल्या लेंड-लीजची (अमेरिकेने तेव्हा उधार पुरवलेल्या मालाची) जुनी बाकी म्हणून ७२.२ कोटी डॉलर द्यायचे, अमेरिकेने एमएफएन द्यायचं.

सिनेटर हेन्री जॅक्सन अडून बसले (प्रेसिडेंट व्हायचे डोहाळेही होतेच). काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, त्यांच्या जोडीला ओहायोचे चार्ल्स व्हॅनिक. त्यांची अट अशी, कम्युनिस्ट देश लोकांना बाहेर जाऊ देत नसेल तर एमएफएन नाही, सरकारी क्रेडिट नाही, गॅरंटीपण नाही. ब्रेझनेव्हनी १९७३ मध्येच ती वसुली थांबवली तरी जॅक्सन हटले नाहीत, आणि ३ जानेवारी १९७५ ला प्रेसिडेंट फोर्डनी त्या कायद्यावर सही केली.

आता एमएफएन नसल्याने रशियाचं असं काय अडणार होतं? विकायचे बहुतेक कच्चा माल, त्यावर ड्युटी तशीही किरकोळ. पण सायबेरियातला गॅस काढायला मशिनरी हवी, त्यासाठी स्वस्तातलं भलंमोठं कर्ज हवं, आणि नेमकी तिथेच सिनेटर स्टीव्हन्सननी एक्झिम बँकेच्या (निर्यातीसाठी कर्ज देणारी अमेरिकेची सरकारी बँक) बिलात पाचर मारून ठेवली, रशियाला चार वर्षांत मिळून फक्त ३० कोटी डॉलर. दात कोरून पोट भरतं का? मॉस्कोने त्याच महिन्यात अख्खा करारच झिडकारला, लेंड-लीजची उरलेली बाकीही दिली नाही. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या ज्यूंपैकी १९७३ मध्ये साधारण ३५ हजार बाहेर पडले होते, १९७५ मध्ये जेमतेम १३ हजार.

गंमत म्हणजे सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये संपलं, कायदा मात्र रशियाच्या मागे डिसेंबर २०१२ पर्यंत लागलेलाच. सूट मिळत राहायची, पण कागदावर जिवंत. आणि काढला तेव्हाही त्याच बिलात मॅग्निट्स्की अॅक्ट (मानवी हक्क तुडवणाऱ्या रशियन अधिकाऱ्यांवरचा कायदा) चिकटवून नवे निर्बंध घातलेच.