हिरवा फंड आणि बेअरिंगचा खालचा खण

कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ स्पेअर पार्टचं दुकान असलेले काका-काकी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या म्युच्युअल फंड वितरणाच्या ऑफिसात आले. कागलकडची जागा विकून 36 लाख हातात होते. काकांनी मोबाइलवरची जाहिरात पुढं धरली. "तिकडं टॅरिफचा गोंधळ, हिकडं पाऊस कवा कोसळंल नेम न्हाई. ह्यो पर्यावरणाचा फंड हाय न्हवं? सगळं ह्यातच घाला."

फंडाची फॅक्टशीट, म्हणजे पैसे कुठं गुंतवलेत त्याचा तक्ता, उघडली. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या नियमाने ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार बघून गुंतवणाऱ्या) फंडाला किमान 80 टक्के रक्कम जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणे गुंतवावी लागते. तरी पहिल्या दहा नावांत बँका आणि आयटीच जास्त. काकांच्या जुन्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या) बहुतेक तीच नावं होती. बँकेला धूर सोडणारी चिमणी नसते, म्हणून तिला पर्यावरणाचे गुण चांगले पडतात. फंड वाईट नव्हता, पण त्याने काकांची जोखीम विभागली जाणार नव्हती.

मग त्यांची फाइल मागितली. दुकान शाहूपुरीत, गोडाऊन शेजारच्याच बोळात, घर नागाळा पार्कच्या सखल बाजूला, 22 लाख गल्लीतल्या पतसंस्थेत. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या पुढं गेली; धोका पातळी 43 ची. शिरोलीजवळ महामार्ग बंद, म्हणजे गिऱ्हाईकही बंद. आणि पतसंस्थेचे कर्जदार त्याच पेठेतले दुकानदार. एकाच पाण्यात सगळं भिजणार. शिवाय बँकेतल्या ठेवीला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे काकींना माहीत नव्हतं. काकांना होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

विम्याची पॉलिसी वाचायला सगळ्यात जास्त वेळ गेला. गोडाऊनमध्ये माल 40 लाखांचा, विमा 25 लाखांचा. हप्ता वाचतो म्हणून लोक असं करतात आणि वर म्हणतात, "सगळा माल थोडाच बुडतोय?" पण विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापतात; 16 लाखांचं नुकसान झालं तर 16 मिळत नाहीत. 25 भागिले 40, म्हणजे साडेबासष्ट टक्के. हातात 10 लाख, त्यातून पॉलिसीतली वजावट, म्हणजे आपण स्वतः सोसायचा भाग, वेगळी. छोट्या उद्योगांच्या नव्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, काकांची साडेसदतीस होती. आणि पत्ता? पॉलिसीवर जुन्या गोडाऊनचाच. तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे.

दुपारी गोडाऊन बघायला गेलो. 2019 च्या पाण्याची रेघ भिंतीवर पाच फुटांवर अजून दिसते. बेअरिंग आणि क्लच प्लेटा सगळ्यात खालच्या खणात, कारण जड; हलके सायलेन्सर वर छताला. एकदा पुराच्या गाळात बसलेलं बेअरिंग पुसून विकता येत नाही, सायलेन्सर धुऊन तरी जातो. महाग माल पाण्यात आणि स्वस्त माल कोरडा, अशी ती मांडणी.

हिशेब असा बसला. 3 लाख लोखंडी अँगलच्या पोटमाळ्याला आणि वाढीव विम्याला. 8 लाख लिक्विड फंडात, म्हणजे लागतील तेव्हा पटकन काढता येतील असे; भाडं, पगार, कर्जाचे हप्ते धरून दुकानाचा सहा महिन्यांचा खर्च. 10 लाख सरकारी रोख्यांत. 2023 पासून सरकार पर्यावरणाच्या कामांसाठी हरित रोखेही काढतं, रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या पोर्टलवर घरबसल्या घेता येतात, पण एक अट सांगितली: दहा वर्षांच्या रोख्यात व्याजदर एक टक्का चढला की किंमत साधारण सात टक्के उतरते, आणि मध्येच विकायला गेलं तर गिऱ्हाईक पटकन सापडत नाही. मुदतीपर्यंत धरायचं असेल तरच. उरलेले 15 लाख शेअरच्या फंडांत, महिन्याला एक लाख या गतीने. त्यात काकांच्या हट्टाखातर 5 लाख त्या हिरव्या फंडात. पतसंस्थेतली ठेव मुदत संपेल तशी काढून वेगवेगळ्या बँकांत, प्रत्येकी पाचाच्या आत.

मी वितरक आहे. फंडावर कमिशन मिळतं, पोटमाळ्यावर छदामही नाही. तरी त्या दिवशी पहिला फोन फॅब्रिकेटरलाच लावला. त्याने विचारलं, खालची कड किती उंचीवर? साडेसहा फूट. "आन् बेअरिंगचं वजन?" काका म्हणाले, दीड टन धरा. मग त्याने मधे आणखी दोन खांब लावायला सांगितले. पत्ता दुरुस्तीचा अर्ज काकींनी तिथंच, क्लचच्या खोक्यावर ठेवून भरला.