जाहिरातीतील कर्मचारी स्त्री: ओळख की आमिष?

टपालाने माल विकणाऱ्या कंपनीपाशी ग्राहकाला दिसेल असे दुकान नसते आणि ओळखीचा दुकानदारही नसतो. त्यामुळे कॅटलॉगच्या पानावर कानाला हेडफोन लावलेल्या हसतमुख कर्मचारी तरुणीचे छायाचित्र छापले जाते, तेव्हा ती आपुलकी मानावी की स्त्रीच्या रूपाचा वापर, हे चटकन ठरवता येत नाही. अनोळखी व्यवहाराला एखादा चेहरा असावा, ही ग्राहकाची गरज खरी आहे. पण तो चेहरा तरुण स्त्रीचाच का, आणि त्याच कंपनीच्या गोदामात खोकी बांधणारा प्रौढ माणूस त्या पानावर का येत नाही, असा प्रश्न मला पडतो.

या प्रश्नाचे सर्वांत उघड रूप अमेरिकेतील विमान कंपन्यांनी दाखवले. नॅशनल एअरलाइन्सने १९७१ मध्ये आपल्या खऱ्याखुऱ्या हवाईसेविकांची छायाचित्रे छापून त्यांखाली 'आय ॲम शेरिल. फ्लाय मी.' अशा ओळी दिल्या आणि विमानांनाही त्यांची नावे दिली. वरवर पाहता यात कर्मचाऱ्याला नाव मिळाले होते. प्रत्यक्षात 'फ्लाय मी' या ओळीतील सूचक लैंगिक अर्थ प्रत्येक प्रवाशाला कळत होता, आणि छायाचित्रातील स्त्री प्रवाशाची सुरक्षितता सांभाळते, आणीबाणीत विमान रिकामे करते, याचा त्या जाहिरातीत मागमूसही नव्हता. स्त्रीवादी संघटनांनी त्याविरुद्ध निदर्शने केली, ती मला पूर्णपणे रास्त वाटतात.

त्याच वर्षी टेक्ससमध्ये सुरू झालेल्या साउथवेस्टने आखूड पँट आणि उंच बूट हाच हवाईसेविकांचा गणवेश ठरवला. पुढे या कामावर पुरुषांना न घेण्याचे समर्थन करताना, स्त्रियांचे आकर्षण हा आपल्या व्यवसायाचा भाग आहे, असा युक्तिवाद कंपनीने न्यायालयात केला. १९८१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, कारण कंपनीचा मूळ व्यवसाय प्रवासी वाहून नेण्याचा होता. मला हीच कसोटी जाहिरातीलाही लावावीशी वाटते: चित्रातील स्त्री तिच्या कामामुळे तिथे आहे, की मालाबरोबर तिचे दिसणेही विकायला काढले आहे?

आपल्याकडेही १९८१ मध्येच एअर इंडियाविरुद्ध नर्गेश मिर्झा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. हवाईसेविकेला साधारणपणे पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणातच निवृत्त व्हावे लागे. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली, परंतु लग्नाची अट मात्र कायम ठेवली, आणि ते मला आजही खटकते. जाहिरातीत जे तारुण्य मिरवले जाते, तेच नोकरीच्या शर्तींमध्ये कसे शिरते, हे या नियमांतून दिसते.

त्या स्त्रियांनी स्वखुशीने छायाचित्र काढू दिले, असे उत्तर बहुधा मिळते. काहींना त्याचा अभिमान वाटलाही असेल आणि तो मी नाकारणार नाही. परंतु विचारणारा वरिष्ठ असेल आणि बढती त्याच्या हातात असेल, तर 'नको' म्हणण्याची किंमत एकट्या स्त्रीलाच मोजावी लागते. म्हणून कंपनीने संमती लेखी घ्यावी, ती केव्हाही मागे घेता यावी, छायाचित्राचे वेगळे मानधन द्यावे, आणि छायाचित्राखाली केवळ पहिले नाव न छापता त्या स्त्रीचे पद व कामाचा अनुभवही छापावा.