सोंगाड्याचा उमेदवारी अर्ज

गेली एकतीस वर्षं मी तमाशात सोंगाड्याचं काम करतोय आणि तीनदा विधानसभेचा अर्ज भरलाय. आमच्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने कलावंत मानधनासाठी चार वर्षं खेटे घातले. मी बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांत, त्या फायलीवर बसलेल्या साहेबाची नक्कल करायचो. लोक शिट्ट्या मारायचे, फाईल काही हलायची नाही. म्हटलं, नक्कल पुरे, एकदा खरंच आत जाऊन बघू.

पहिली खेप २०१४ ची. अर्ज भरायची मुदत २० ते २७ सप्टेंबर. आमचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, त्यामुळे हे दिवस ऐन तालमीचे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मला त्यात काय अवघड वाटणार? फडात साठ माणसं. पण दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत, आणि फड म्हणजे आठ तालुक्यांतून गोळा केलेला संसार. नऊ कसेबसे जमले. दहावा पेटीवाला. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहतो आणि त्याचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघालं. २९ तारखेला छाननी झाली, सूचक नऊच भरले, अर्ज बाद. नाव उमेदवारांच्या अंतिम यादीत गेलंच नाही, म्हणून दहा हजारांची अनामत परत मिळाली. ती मी फडमालकाकडून उचल घेतली होती. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला.

२०१९ ला मी शहाणा झालो होतो. मतदार यादी आणून प्रत्येक सूचकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधी वहीत उतरवून घेतला. दोघांना सही येत नव्हती. अंगठा चालतो, पण तो अधिकाऱ्यासमोर उठवावा लागतो, म्हणून त्यांना बरोबर नेलं. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं हवं, तेही अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं. अनामतीला चेक चालत नाही. सर्वसाधारण उमेदवाराला दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे.

खरी गंमत प्रतिज्ञापत्राची, म्हणजे नमुना २६ ची. त्यात एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. जमीन? निरंक. वाहन? निरंक. रोखे, विमा, दागिने? निरंक, निरंक, निरंक. वकील कंटाळून म्हणाला, "अहो, एखादा गुन्हा तरी?" म्हटलं, "तोही निरंक, साहेब." नोटरीच्या टेबलाशी उभे असलेले सगळे हसले. आयुष्यभर कमावलेलं एवढ्या नेटकेपणाने मी आधी कधी लिहून काढलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

नावाचाही घोळ होताच. मला रंगमंचावरच्या नावाने सगळा तालुका ओळखतो, कागदावरचं नाव माझ्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. तशी लेखी विनंती केली आणि अधिकाऱ्याला पटलं, तर मतपत्रिकेवर ओळखीचं नाव घेता येतं. मी ते केलं. अपक्षाने हे विसरू नये, कारण यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि सगळ्यात खाली आपण. तिथपर्यंत बोट आणायचं, तर नाव तरी ओळखीचं पाहिजे.

अर्ज द्यायला फडातली वीस माणसं ढोलकी घेऊन आली. आत उमेदवार धरून पाचच. बाकीचे शंभर मीटरवर अडले. मी शपथ घेतली तेव्हा लांबून ढोलकीची थाप ऐकू येत होती आणि मला चुकून तमाशाच्या सुरुवातीचा 'गण' सुरू करावासा वाटला.

चिन्हासाठी तीन पसंती दिल्या, पहिली हार्मोनियम. मिळालं. कागदावर मात्र ते चित्र एवढंसं, काळं-पांढरं. म्हाताऱ्या बाया विचारायच्या, "ही ट्रंक कशाची बाबा?"

प्रचारात कळलं ते फार बोचलं. मी मानधनाचं बोलायला लागलो की लोक हसायचे. चेष्टा नव्हती ती, त्यांना वाटायचं पुढे विनोद येणार. मी गंभीर झालो की आणखी हसायचे. इतक्या वर्षांची कमाई, दुसरं काय! एक पोरगा म्हणाला, "काका, गौळणीतल्या मावशीला घेऊन या, मग मत देतो."

२१ ऑक्टोबरला मतदान. दसरा होऊन तेरा दिवस झालेले, फड मराठवाड्यात सुपाऱ्या करत होता. माझी हक्काची मतं कनातीत झोपलेली. टपाली मतदान सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्यांना आहे, फडाला नाही. मला ४१२ मतं पडली. नोटाला माझ्याहून जास्त. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त, हे पाठ होतं, तरी त्या दहा हजारांचं दुःख व्हायचं ते झालंच.

आणि हरलं म्हणजे सुटलं असं नाही. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. नाही दिला आणि सबळ कारण नसलं, तर आयोग तीन वर्षं उभं राहू देत नाही. रोजचा खर्च पांढऱ्या पानावर, रोकड गुलाबी पानावर, बँकेचा हिशेब पिवळ्या पानावर. प्रचारात तीनदा वही तपासून घ्यायची ती वेगळीच. मी मुक्कामावर, कंदिलाएवढ्या उजेडात पावत्या चिकटवायचो. ढोलकीवाल्याने फुकट वाजवलं ते कुठे लिहायचं, यावर आमची दोन रात्री चर्चा झाली. शेवटी एसटीने रात्रभर येऊन २९ व्या दिवशी हिशेब दिला आणि संध्याकाळी परत रंगपटात.

२०२४ ला अर्जाचा शेवटचा दिवस धनत्रयोदशीचा होता. लोक लक्ष्मी घरी आणत होते, मी दहा हजार भरून आलो. बाकी सगळं सवयीने झालं. मतं ६३८. ढोलकीवाला तोवर गेला होता. त्याचं मानधन मंजूर झाल्याचं पत्र त्याच्या तेराव्यानंतर आलं, ते मी प्रचारात दाखवायचो. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

या वेळी हिशेब दिला तेव्हा पोचपावती देणारा कारकून हळूच म्हणाला, "त्या साहेबाची नक्कल करून दाखवा ना." मी पावती खिशात घातली, टोपी तिरकी केली आणि त्याच्याच खुर्चीत बसलो.