काहुइताच्या झाडांवरचे स्लॉथ

कोस्टारिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन प्रांतात, काहुइता राष्ट्रीय उद्यान आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला दलदलीचं दाट जंगल आणि मधून सपाट पायवाट. किनाऱ्यालगत देशी बदामाची झाडं भेटली. आपल्याकडे शाळांच्या आवारात असतात तीच! पण माझी मान सारखी वर, शेंड्यांकडे.

गाइडने ग्वारुमोच्या झाडाखाली तिकाटण्यावरची दुर्बीण लावली. नुसत्या डोळ्यांना बेचक्यात वाळवीचं घरटं असावं तसा एक गोळा दिसत होता. दुर्बिणीत मात्र चेहरा होता, डोळ्यांवरून काळा पट्टा ओढलेला. तीन बोटांचा स्लॉथ, झाडांवर राहणारा, पानं खाणारा, अतिशय संथ चालीचा प्राणी. त्याने एक हात उचलला, पोटापर्यंत नेला, खाजवलं, हात परत फांदीवर ठेवला. एवढ्या वेळात आमच्या मागून दोन घोळके येऊन पुढे निघूनही गेले. मी तिथून हललो नाही.

याला आळस म्हणणं मला पटत नाही. पानांतून ताकद मिळते फार थोडी, आणि पानं पचायला कित्येक दिवस, कधी महिनाही लागतो. म्हणून हा प्राणी जपूनच खर्च करतो. अंगाची ऊबसुद्धा तो पुरती स्वतः राखत नाही; ती हवेबरोबर खालीवर होते, आणि म्हणून सकाळी तो ऊन खायला वर चढतो. मानेत आपल्यापेक्षा जास्त, आठ-नऊ मणके असल्यामुळे धड न हलवता तो जवळजवळ मागेपर्यंत पाहू शकतो. केसांत शेवाळ वाढतं, त्यामुळे अंगावर हिरवट झाक येते आणि तो पानांत मिसळून जातो. हार्पी गरुडासारख्या शिकाऱ्यापुढे पळून सुटका नाही. नजरेत न येणं हाच त्याचा बचाव.

त्याच केसांत पतंगही राहतात. आठवड्यातून साधारण एकदा स्लॉथ बुंध्याशी उतरून विष्ठा टाकतो, आणि पतंगाची मादी तिच्यात अंडी घालते. एवढा जीव धोक्यात घालून तो खाली का येतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला तर या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटलं.

जंगलाबाहेर मात्र त्याचा वेग त्याच्या जिवावर उठतो. झाडं तुटली की त्याला रस्ता जमिनीवरून ओलांडावा लागतो, नाहीतर विजेच्या तारांवरून, आणि तारेचा धक्का बसून कितीतरी स्लॉथ मरतात. म्हणून या भागात रस्त्यांवरून झाडाला झाड जोडणारे दोरखंडाचे पूल बांधले आहेत. २०२१ साली स्लॉथ कोस्टारिकाचं राष्ट्रीय प्रतीक झाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

तुम्ही गेलात तर स्थानिक गाइड घ्या आणि सकाळी लवकर निघा. कुठे कुणी फोटोसाठी स्लॉथ हातात द्यायला आलं तर सरळ नाही म्हणा. त्या चेहऱ्यावर दिसतं ते हसू नसतं, तोंडाची ठेवणच तशी असते. भेदरलेला स्लॉथसुद्धा तसाच दिसतो.