डीपी उडाली त्या रात्री

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकाचा फोटो काढायचा म्हणजे अर्ध्या गावाच्या शिव्या खायच्या. फ्लॅश उडाला की तणशीवर बसलेले मागचे लोक ओरडतात, "ए फोटोवाल्या, बस ना बे खाली!" त्यांचंही चुकत नाही. सफेदा-लाली लावलेल्या नटीवर समोरून फ्लॅश मारला की चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा येतो, आणि लाइटवाल्याने जीव लावून दिलेला निळा-तांबडा उजेड पार धुऊन निघतो. मला तो उजेडच हवा होता.

नागभीड तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. सुरुवातीला माझ्याकडे रशियन झेनिट कॅमेरा होता. दणकट मशीन, दिवसा त्याला नाव ठेवायची सोय नाही. रात्री मात्र सगळा कारभार अंदाजपंचे. त्याच्या उजेड मोजणाऱ्या सेलेनियम मीटरची सुई दिवेलागणीनंतर जागची हलत नसे. फोकसची काच साधी, त्यामुळे नटीचं नाक स्पष्ट झालं की कानातलं डूल, हे रोल धुतल्यावरच कळायचं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक बारीक केलं की व्ह्यूफाइंडरही तेवढाच काळा.

निकॉनचा एफएम-टू कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तो गोसेखुर्दला. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा ज्या फोटोग्राफर मास्तरांकडे मी फोटो धुण्याचं हायपो कालवायला होतो त्यांचं बोट धरून मीही गेलो होतो. पंतप्रधान लांबून दिसले तेवढे दिसले. माझं लक्ष बांबूच्या कठड्याला टेकून बसलेल्या एका प्रेस फोटोग्राफरच्या हाताकडे. त्याने काय मनात आलं कोण जाणे, मला डोळा लावू दिला. आत उजवीकडे तीन लाल खुणा: अधिक, गोल, वजा. डायल फिरवली की एक विझायची, दुसरी पेटायची. "गोल पेटला का उजेड बराबर," तो म्हणाला, "रातीबी दिसते."

रातीबी दिसते! तिथून जे डोक्यात बसलं ते बसलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पैसा हातात आला की कधी एन्लार्जर, कधी बैल, कधी बहिणीचं लगन. 2000 सालच्या जानेवारीत भिशी माझ्या नावाने निघाली. बायकोला लोखंडी कपाट हवं होतं. तिने नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या नि म्हणाली, "आना बाप्पा एकदाचा. झोपेतबी त्याचंच नाव घेता."

नागपुरात महालात एक निवृत्त प्रेस फोटोग्राफर आपला एफएम-टू विकणार असल्याचं कानावर आलं होतं. सकाळीच त्यांच्या दारात हजर झालो. काका पायजम्यावर बसून दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा पुढे सरकवला. "पाहून घ्या. मागाहून तक्रार नको."

मग मीही सवडीने पाहिला. नंबर 'एन' अक्षराने सुरू होत होता, म्हणजे 1984 नंतरचं सुधारलेलं मॉडेल. डायलवर 250 चा आकडा लाल, त्या वेगापर्यंत फ्लॅश चालतो. लेन्स काढली, मागचं दार उघडलं, खिडकीकडे धरून एकेक वेग दाबत गेलो. एका सेकंदावर पडदा घड्याळाच्या काट्याबरोबर बंद. 4000 वर, म्हणजे सेकंदाच्या चारहजाराव्या भागात, डोळ्यांसमोर नुसती एक चमक. दोन्ही सेल काढून परत सगळे वेग दाबून पाहिले, कारण याचा शटर सेलवर चालतच नाही. सेल लागतात ते फक्त त्या लाल दिव्यांना. लेन्स उजेडात तिरपी धरून बुरशीची जाळी शोधली. आमच्या झाडीतल्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरतेच, पण 50 ची ती लेन्स नागपुरात राहिलेली, स्वच्छ होती. खोट निघाली ती मागच्या दाराच्या खाचेत. तिथला फोम विरघळून बोटाला काळा चिकटत होता. त्यातून उजेड आत शिरला की रोल गेला.

काका बारकाईने बघत होते. "डाव्या डोळ्यानं पाहता का तुम्ही?"

"हो."

"मंग कपाळाची काळजी घ्या. मीटर चालू करायला लिव्हर बाहेर ओढावं लागते, ते नेमकं भुवईत रुततं."

सांगितले पंधरा हजार. फोम दाखवून साडेतेरावर तुटलं. चामड्याची केस त्यांनी वरून दिली.

इतवारीत एका दुकानातून काळी लोकर घेतली आणि छोट्या लाइनच्या गाडीत खिडकीशी बसून जुना फोम काडीने खरवडला, खाचेत लोकरीचा धागा दाबून बसवला. उमरेड गेलं. भिवापूरला मिरचीची पोती चढली तशी डब्यात एकजात सगळे शिंकायला लागले. मी आधी दार लावलं, मग शिंकलो.

त्याच रात्री सिंदेवाहीकडच्या एका गावात शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतींनिमित्त, नाटक होतं आणि कंपनीच्या मॅनेजरने पोस्टरसाठी फोटो सांगितले होते. दिवसभर बैलांनी उडवलेली धूळ अजून मंडपात तरंगत होती. चारशे स्पीडचा कृष्णधवल रोल भरला, उजेड कमी म्हणून स्पीडची डायल सोळाशेवर लावली आणि फ्लॅश पिशवीतच ठेवला. मॅनेजर म्हणाला, "फ्लॅश कुठं आहे बे?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसरा अंक. गावच्या पाटलाने बाईला घराबाहेर काढलेलं, ती लेकराला पोटाशी धरून गाते असा प्रसंग. गाणं अर्ध्यावर आलं आणि बाहेर धाडकन आवाज झाला. डीपी, म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाली. मंडपात डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. शिट्ट्या, आरडाओरडा, कुणी जनरेटरची दोरी ओढतंय, जनरेटर फुरफुरून परत गप्प.

बाई मात्र थांबली नाही. पेटीवाला थांबला नाही. प्रॉम्प्टरने टॉर्च लावून वही धरली असावी, कारण पायाशी पिवळा ठिपका दिसत होता. तेवढ्यात विंगेतून उजेड आला. भज्याच्या दुकानातली गॅसबत्ती उचलून आणणारा दुसरा कुणी नव्हता, पाटीलच! कोशा फेटा, चिकटवलेल्या मिशा, हातातला चाबूक काखेत मारलेला. ज्या बाईला त्याने हाकललं तिच्याच शेजारी बत्ती उंच धरून तो मुकाट्याने उभा राहिला. शिट्ट्या आपोआप बंद झाल्या.

मी मंचाच्या कडेला सरकलो. बत्ती चौकटीत असली की मीटर फसतं, म्हणून आधी ती बाजूला सोडून नुसता बाईचा चेहरा मोजला. 60 च्या वेगावर वजा. 30 वर गोल आणि वजा दोन्ही पेटले, म्हणजे उजेड जरासा कमी. अ‍ॅपर्चर आधीच पूर्ण उघडं होतं. म्हटलं, चालेल. पदराचा उभा काठ काचेतल्या रेघेवर दोन तुकड्यांत दिसत होता. ते जुळवले, श्वास रोखला, दाबलं. लिव्हर भुवईत रुतली होती आणि मला तिचं काही वाटत नव्हतं.

बत्ती मंद व्हायला लागली तेव्हा पाटलाने ती मंचावरच खाली ठेवली, फेटा सावरला आणि भसाभस पंप मारला. पब्लिक खळखळून हसलं. बत्ती भडकली, बाईने तान घेतली आणि मागून आवाज आला, "वन्समोर!" गाणं पहिल्यापासून झालं, बत्तीवरच. दिवे आले ते तिसरा अंक सुरू झाल्यावर. त्या उजेडात मग मी नेहमीचे फोटो काढले. बरे आले.

दुसऱ्या दिवशी डी-76 डेव्हलपरमध्ये रोल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. दाणे चांगलेच उठले, कडेला पार काळोख. पण बाईचा चेहरा, पाटलाचा वर गेलेला हात आणि बत्तीची जाळी, तिन्ही होतं. लोकरीनेही काम केलं, कुठेच उजेडाचा पट्टा नव्हता.

आठ बाय दहाचा प्रिंट मॅनेजरपुढे ठेवला. त्याने बराच वेळ पाहिला. "फोटो जबरदस्त आहे. पण खलनायक हिरोइनीले बत्ती दाखवते असं पोस्टर लावलं त लोक तिकीट काढतीन का?" मग प्रेसवाल्याने बाईचा चेहरा कात्रीने कापला, गालाला गुलाबी रंग मारला, मागे सूर्यास्त टाकला. पाटील गेला, बत्तीही गेली. ते पोस्टर वडशापर्यंत भिंतीभिंतीवर लागलं.

पाटलाचं काम करणारा तो नट मात्र स्टुडिओत आला नि तोच फोटो मोठा करून, फ्रेम लावून घेऊन गेला. पैसे पुढच्या प्रयोगाला देतो म्हणाला. पैशाऐवजी नवे तांदूळ आले, अर्धं पोतं. बायकोने ते पाखडून पाहिले आणि म्हणाली, याच्यात कपाट येत नाही.