अर्ध्यावर थांबलेला क्यू

पूलचा क्यू, म्हणजे टेबलावरच्या या खेळातली चेंडू मारायची लाकडी काठी, हाताने घडवणाऱ्या कारागिराकडे एकही अर्धवट क्यू नाही, असा दिवस सहसा उगवतच नाही. हे लाकूड एका दमात कातून चालत नाही. थोडं कातायचं, टांगून ठेवायचं, आतला ताण मोकळा होऊ द्यायचा, बाक आलाच तर कुठे आला ते बघायचं, आणि मग पुढचा हात फिरवायचा. शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक अर्ध्या भागाच्या, बाबतीत हे महिनोन्‌महिने चालतं, काहींकडे वर्षानुवर्षं. त्यामुळे असा माणूस जातो तेव्हा अपुऱ्या कामांची रांगच मागे टांगलेली असते. त्यातला एखादा तुकडा कुणाच्या तरी नावाचा निघतो: मागणी नोंदवलेली, लाकूड निवडलेलं, चार पॉइंट (लाकडात बसवलेली टोकदार नक्षी) चिकटवलेले, आणि पुढे काही नाही. त्याचं काय करायचं हे घरच्यांना कळत नाही, ग्राहकाला विचारवत नाही, आणि ज्याच्या लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) तो शेवटी जातो त्या दुसऱ्या कारागिराची तर झोपच उडते.

सुरुवातीला काहीच करू नये. सल्ला आळशी वाटेल, पण खरं नुकसान आवराआवरीतच होतं, तेही मायेपोटी. कुणीतरी धूळ काढायला पॉलिश पेपर फिरवतं आणि लाकडावरच्या पेन्सिलीच्या खुणा जातात. शेवटचा हात कधी फिरवला ती तारीख, तेव्हाचं वजन, कुठला शाफ्ट कुठल्या बटचा (मागच्या जाड अर्ध्या भागाचा), हे सगळं त्या खुणांत असतं. आधी फोटो काढावेत, धूळ कोरड्या फडक्याने झटकावी. कुणी तुकडा कोपऱ्यात भिंतीला तिरका टेकवून ठेवतं आणि त्याला हळूहळू बाक येतो. तो वरच्या टोकाला धरून सरळ उभा टांगायचा, तापणाऱ्या छपराखाली किंवा ओल्या भिंतीजवळ नव्हे. आणि कुणीतरी, ओबडधोबड दिसतात म्हणून, दोन्ही टोकं करवतीने कापून ‘नीटनेटकी’ करतं. हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं.

त्या टोकांच्या मधोमध शंकूच्या आकाराचं एकेक छोटं भोक असतं, बहुधा ६० अंशांचं. लेथच्या दोन सेंटरांमध्ये तुकडा याच भोकांवर धरलेला होता आणि आजवर कातलेलं सगळं याच अक्षाभोवती कातलेलं आहे. ती भोकं गेली की तो अक्षही गेला. किती बिघडतं ते आकड्यांत पाहू. पॉइंट म्हणजे फोरआर्मच्या (बटच्या मुठीपुढच्या भागाच्या) लाकडात व्हीच्या आकाराची उतरती खाच पाडून तिच्यात बसवलेलं दुसरं लाकूड. खाच मुठीकडे खोल असते आणि जॉइंटकडे, म्हणजे बट आणि शाफ्ट जोडले जातात तिकडे, उथळ होत जाते; जिथे ती पृष्ठभागाला मिळते तिथे पॉइंटचं अणकुचीदार टोक दिसतं. समजा पॉइंट ३०० मिलिमीटर लांब आहे आणि खाच मुठीपाशी ९ मिलिमीटर खोल. म्हणजे एका मिलिमीटर खोलीमागे जवळपास ३३ मिलिमीटर लांबी. आता टोक कापून नवं भोक पाडलं आणि पॉइंट संपतात त्या जागी अक्ष फक्त ०.१ मिलिमीटर सरकला, तर एका बाजूचा पॉइंट ३ मिलिमीटरहून अधिक आखूड होतो आणि समोरचा तितकाच लांब राहतो. दोघांत ६-७ मिलिमीटरचा फरक. एवढा फरक टेबलाच्या पलीकडून दिसतो. मग लोक म्हणतात, शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरत असावा. हात ठीक होता. भोक दुसऱ्याचं होतं.

बाक काढतानाही हेच गणित आडवं येतं. तुकडा त्याच्या मूळ सेंटरांवर धरून फिरवावा आणि डायल गेजने मध्यभागी किती उडतो ते मोजावं. साधा, पॉइंट नसलेला शाफ्ट अजून दोन मिलिमीटर जाड असेल तर थोडा बाक कातून निघतो. अर्थात ताण संपला नसेल तर तो परत येतो, म्हणून कातून पुन्हा टांगायचा. फोरआर्मला बाक असेल तर मात्र सरळ करताना एका बाजूचं लाकूड जास्त जातं आणि पॉइंट असमान होतात. खेळायला क्यू सरळ हवा, संग्राहकाला पॉइंट समान हवेत. माझं मत खेळाच्या बाजूने आहे, पण फरक डोळ्यांत खुपेल इतका होणार असेल तर कातूच नये.

काम कुठल्या टप्प्यावर थांबलंय हे जाडीवरून वाचता येतं. तयार क्यू सहसा ५८ इंचांचा: २९ बट, २९ शाफ्ट. जॉइंटपाशी व्यास साडेएकवीस मिलिमीटरच्या आसपास, बटच्या बुडाशी ३२च्या आसपास, शाफ्टचं टोक १२ ते १३. वजन १८ ते २१ औंस. १९ औंस म्हणजे साधारण ५४० ग्रॅम. हातातला तुकडा या मापांपेक्षा जेवढा जाड, तेवढी सुधारणेला जागा शिल्लक. दोन मिलिमीटर जास्त असेल तर पुढच्या कारागिराला श्वास घ्यायला वाव आहे. ०.३ उरलं असेल तर जवळजवळ सगळं ठरून गेलंय, आता फक्त घासणं आणि फिनिश.

पण ही झाली ठोकळ मापं. त्या माणसाचा क्यू त्याचा वाटायचा तो मधल्या उतारामुळे. शाफ्टचं टोक १३ मिलिमीटर असलं तरी ती जाडी मागे किती लांब तशीच चालते आणि कुठून वाढायला लागते, यावर हातातलं लवचीकपण ठरतं. नक्षी सगळे बघतात, उतार कुणी बघत नाही. बऱ्याच कारागिरांकडे हा उतार एका पट्टीत साठवलेला असतो: लेथच्या मागे बसवायची लांब टेपर पट्टी, जिच्या कडेवरून कटर किंवा राउटर सरकतो. कार्यशाळा विकायला निघते तेव्हा लेथला गिऱ्हाईक मिळतं आणि ही पट्टी भंगारात जाते. कुणाला काही एकच वाचवता येणार असेल तर लेथ जाऊ द्यावा, पट्टी ठेवावी. तीही गेली असेल तर त्याच कारागिराचा एखादा पूर्ण क्यू मिळवावा आणि दर इंचाला कॅलिपर लावून व्यास लिहून घ्यावा. २९ इंचांच्या शाफ्टचे तीसेक आकडे होतात. तासाभराचं काम, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात.

आता मोठा प्रश्न: दुसऱ्याने हात लावावा का? या बाबतीत लोक फार लवकर हळवे होतात. जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) हे अमेरिकी क्यू-कारागिरीतलं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या क्यूंचा पुढचा भाग, पॉइंटांसकट, बऱ्याचदा दुसऱ्याकडून आलेला असे. आधी ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट या साध्या क्लब क्यूंचा सांधलेला भाग ते वापरत. पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी या क्यू-कारागिरांनी बनवलेले ब्लँक (सांधलेले, पण पूर्ण न झालेले तुकडे) त्यांच्याकडे येत. म्हणून कुणी तो क्यू बालाबुश्कांचा नाही म्हणत नाही. एकाने सांधायचं आणि दुसऱ्याने पूर्ण करायचं, ही या धंद्यात जुनी आणि प्रतिष्ठित वाट आहे. इथे फरक एवढाच की सांधणाऱ्याला आता काही विचारता येत नाही.

मी रेघ अशी ओढीन. फक्त लाकूड निवडलेलं असेल, चौकोनी दांडे कापून ठेवलेले असतील, तर ते चांगलं वाळलेलं लाकूड आहे. ज्याला हवं त्याने वापरावं, वर त्याचं नाव सांगू नये. पॉइंट सांधून झाले असतील, पॉइंटांच्या कडेच्या व्हिनियरचे (पातळ रंगीत लाकडी पट्ट्यांचे) रंग ठरले असतील, तर क्यूचा चेहरा त्याचा आहे आणि तो पूर्ण करण्यासारखा आहे. बट पूर्ण होऊन फक्त रॅप (मुठीवरचं वेष्टन), फिनिश, बंपर (बुडाचं रबर) एवढंच राहिलं असेल, तर तो न करणं हा मला उगाच केलेला सोवळेपणा वाटतो.

करायला घेतला तर दुसऱ्या कारागिराने आधी तुकडा आपल्या कार्यशाळेत टांगून ठेवावा आणि दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करावं. वजन हलायचं थांबलं की लाकूड तिथल्या हवेला सरावलं. मग सांधे तपासावेत. कोकोबोलोसारखं तेलकट लाकूड चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसलेलं नसेल तर इपॉक्सी वरवर धरते आणि कातताना व्हिनियर सुटते. फोरआर्म आणि मूठ जोडणारा आतला सांधा, ज्याला ए-जॉइंट म्हणतात, तो ढिला असेल तर पूर्ण झालेला क्यू प्रत्येक फटक्याला बारीक झणझणतो. तो आवाज फिनिश चढवल्यावर कळला तर सगळं उलगडावं लागतं. म्हणून कातण्याआधी बोटाने टिचकी मारत सगळी लांबी ऐकावी. आबनुसासारखं जड लाकूड आतून पोकळ करून त्यात मेपलचा गज भरलाय का, हे टोकाकडून दिसतं. दिसलं नाही तर वजनाचा अंदाज चुकतो आणि क्यू मागे ओढतो. जॉइंटचा स्क्रू अजून बसवलेला नसेल तर तो कारागीर नेहमी जो वापरायचा तोच घ्यावा. ३/८-१० च्या जागी ५/१६-१४ (आधी इंचांत व्यास, मग दर इंचातले आटे) बसवला तर त्याचे जुने शाफ्ट या बटला कधीच लागणार नाहीत.

सामानात हस्तिदंताचे फेरूल (शाफ्टच्या टोकाचं कडं) किंवा जॉइंट निघाले तर ते बाजूला ठेवावेत. १९९० पासून हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि एवढ्याशा पांढऱ्या कड्यापायी अख्खा क्यू सीमेवर अडकतो. लिनन-फिनॉलिकचं फेरूल खेळायलाही टिकाऊ. शिसवी जातीची लाकडं २०१७ पासून, आणि कोकोबोलो तर २०१३ पासूनच, साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तिथे सवलती आहेत, पण त्या तयार वस्तू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या. म्हणून दुसऱ्या देशातल्या कारागिराकडे अर्धवट तुकडा पाठवण्याआधी परवान्याची चौकशी करावी. तयार क्यू सहज जातो म्हणून ब्लँकही जाईल, असं धरून चालू नये.

पैशांचं आधी बोलावं. आगाऊ रक्कम दिलेली असेल तर तुकडा नुसता वारसांचा राहत नाही. ग्राहकाला दोन्ही पर्याय द्यावेत: पैसे परत, किंवा आहे त्या अवस्थेत ब्लँक, पुढचा खर्च त्याचा. जे ठरेल ते कागदावर, ब्लँकच्या फोटोसकट. हा कागद पुढे क्यूच्या किमतीला उपयोगी पडतो, कारण दुसऱ्याने पूर्ण केलेला क्यू संग्राहक घेतात. दुसऱ्याने पूर्ण केलाय हे लपवलेला क्यू त्यांना नको असतो.

सही हा शेवटचा मुद्दा, आणि इथे मी अजिबात लवचीक नाही. गेलेल्या माणसाची सही, शिक्का किंवा नक्षीदार आद्याक्षर नव्याने कोरू नये. त्याच्या कपाटात त्याचाच छाप सापडला तरी नाही. पूर्ण करणाऱ्याने आपली सही बटच्या बुडाशी, रबरी बंपरच्या खाली करावी: कुणी सांधला, कुणी कातला, कुठलं वर्ष. बंपर एका स्क्रूने निघतो, त्यामुळे बघायचं त्याला बघता येतं. आणि पूर्ण करायचा नाही असं ठरलं तर ब्लँकवर लॅकर चढवू नये, भिंतीवर लावण्यासाठी त्यात खिळा ठोकू नये. टोकांवर पातळ मेण लावावं, भोकं मात्र मोकळी ठेवावीत. वीस वर्षांनी कुणाला तो लेथवर चढवावासा वाटला तर त्याला लागणार आहेत ती तीच दोन भोकं.