हजेरीपटातली रिकामी घरं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहोत. हा प्रश्न कधी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीकडून येतो, कधी नगरसेवकाच्या कार्यालयातून, कधी देणगी देणाऱ्या कंपनीकडून. शब्द थोडे बदलतात, मुद्दा तोच असतो: ‘आमच्या विरंगुळा केंद्रात गाण्याचा आणि चित्रकलेचा वर्ग चालतो. लोक खूश आहेत. पण त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे शोधायचं कसं?’

शेवटच्या दिवशी हजर असलेल्यांना विचारून ते कळणार नाही, हे आधी सांगून टाकतो. मधेच यायचे थांबले, त्यांचा हिशेब पहिल्यांदा लावावा लागतो. बहुतेक अहवाल इथेच फसतात, आणि फसलेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण आकडे छान दिसतात.

समजा, वीस जणांनी वर्ग सुरू केला. एकाकीपणाची तीन प्रश्नांची मोजपट्टी लावली. तिच्यात ३ ते ९ गुण असतात, जास्त गुण म्हणजे जास्त एकाकी. सुरुवातीची सरासरी आली ५.६. बारा आठवड्यांनी तेरा जण उरले, त्यांची सरासरी ४.४. अहवालात ‘एकाकीपणा १.२ गुणांनी घटला’ असं ठळक छापलं जातं. आता त्याच तेरा जणांचे सुरुवातीचे गुण वेगळे काढा. ते आधीपासूनच ४.५ होते. म्हणजे घट झाली एक दशांशाच्या आसपास, नसल्यासारखीच. आणि जे सात जण गळले, त्यांची सुरुवातीची सरासरी ७.६. ज्यांच्यासाठी वर्ग काढला तेच सगळ्यांत आधी गेले, आणि त्यांच्या जाण्यानंच सरासरी सुधारली. म्हणून पहिला नियम: आधीचे आणि नंतरचे गुण माणसागणिक जोडून पाहायचे, आणि गळलेल्यांची सरासरी अहवालात वेगळ्या ओळीत लिहायची. ती ओळ नसलेला अहवाल बाजूला ठेवलेला बरा.

गळण्याची कारणंही लिहून ठेवावीत, कारण ती सारखी नसतात. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलेल्या आजी आणि ‘मला काही जमत नाही’ म्हणून थांबलेले आजोबा हजेरीपटात सारखेच दिसतात: रिकामं घर. पहिल्यात वर्गाचा दोष नाही, दुसऱ्यात बहुधा आहे. सलग दोन गैरहजेरी झाल्या की फोन करावा, आणि तो शिक्षकानं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. शिक्षकाला कुणी ‘तुमचं शिकवणं कळत नाही’ म्हणत नाही. गुडघा पुढे करतात.

आता जगात काय सापडलंय ते बघू, म्हणजे अपेक्षा किती ठेवायची ते कळेल. जीन कोहेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं २००१ साली सुरू केलेला अभ्यास सगळ्यांत जास्त उद्धृत होतो. वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे ३०० माणसं, सरासरी वय ऐंशीच्या आसपास. व्यावसायिक कलाकारांकडे शिकणाऱ्या गटात डॉक्टरकडच्या फेऱ्या आणि पडण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी निघालं, मनाची उभारी जास्त. पण वॉशिंग्टनच्या गायनवृंदाचा जो निबंध २००६ साली आला, त्यात कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्याला गायची हौस आहे तो मुळात थोडा उत्साही असणारच. तेव्हा त्या निकालाकडे ‘आशा वाटावी असा’ एवढ्याच नजरेनं बघावं.

चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास नंतर झाले. इंग्लंडच्या केंट परगण्यात साठीपुढच्या २५८ जणांवर चौदा आठवड्यांच्या समूहगायनाचा अभ्यास झाला, तो २०१५ साली छापून आला. गाणाऱ्यांची चिंता आणि खिन्नता वर्ग संपताना कमी होती. सॅन फ्रान्सिस्कोत बारा ज्येष्ठ केंद्रांमधल्या ३९० जणांवरचा अभ्यास २०१८ चा. सहा महिन्यांनी गाणाऱ्यांचा एकाकीपणा कमी झाला होता, जगण्यातला रस वाढला होता. स्मरणशक्ती, शारीरिक क्षमता, दवाखान्याचा खर्च यांत मात्र ठळक फरक नव्हता. हा दुसरा निकाल आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण तो काय होत नाही हेही सांगतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीच्या संगीतोपचारावर कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१८ चा आढावा आहे, त्याचाही कल तसाच: खिन्नता बहुधा कमी होते, आकलनात विशेष फरक नाही. चित्रकलेवरच्या त्याच वर्षीच्या आढाव्यात तर घ्यायच्या लायकीचे दोनच अभ्यास सापडले, मिळून ६० माणसं.

म्हणून फलकावर ‘स्मरणशक्ती वाढवा, गाणं शिका’ असं लिहू नका. एकाकीपणा आणि मनाचा उत्साह, एवढंच मोजायला घ्या. (अभिनयाच्या वर्गांचं थोडं वेगळं आहे. नॉइस दांपत्याच्या २००९ च्या अभ्यासात वृद्धनिवासांमधल्या लोकांपैकी अभिनय शिकणारे आकलनाच्या काही चाचण्यांत गाणं शिकणाऱ्यांच्याही पुढे गेले. तिथे तुलना काही न शिकणाऱ्यांशी होतीच, शिवाय दुसऱ्या कलेशीही होती. म्हणून तो निकाल वजनदार वाटतो.)

वर्तमानपत्रात मधूनमधून ‘कलेमुळे आयुष्य वाढतं’ अशी बातमी येते. तिचं मूळ बहुतेकदा २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात असतं: पन्नाशीपुढच्या ६,७१० जणांचा चौदा वर्षं माग, आणि दर काही महिन्यांनी नाटक, मैफल, संग्रहालय गाठणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३१ टक्के कमी. पैसा, शिक्षण, तब्येत यांचा हिशेब संशोधकांनी लावला होता. तरीही ती निरीक्षणंच. जिना चढता येतो म्हणून नाट्यगृहात जाता येतं, ही उलटी बाजू पुरती खोडता येत नाही. शिवाय ती माणसं बघायला जात होती. तुमच्या वर्गातली करायला येतात.

तर तुमच्या केंद्रात काय करायचं? तुलनेचा गट लागतोच. जून ते ऑक्टोबर वर्ग घेतलात आणि नुसतं आधी-नंतर मोजलंत, तर मधे गणपती येतात, मुलं-नातवंडं घरी येतात, पाऊस थांबून फिरणं सुरू होतं. माणूस बरा झाला तो गाण्यानं की गणपतीनं? दुसरं असं, की मन फार खचलं की माणूस अशा ठिकाणी नाव घालतो, आणि खचलेलं मन काही न करताही थोडं वर येतंच.

सोपा मार्ग म्हणजे दोन तुकड्या. तीस-बत्तीस नावं घ्या, सगळ्यांची प्रश्नावली भरा, मग सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. पहिली तुकडी लगेच, दुसरी पहिलीचे बारा आठवडे आणि नंतरची मोजणी संपल्यावर. कुणालाच नाकारलं जात नाही, त्यामुळे कार्यकारिणीत भांडण होत नाही, आणि थांबलेली तुकडी हाच तुलनेचा गट. जोडप्यांची एकच चिठ्ठी करा. नवरा एका तुकडीत आणि बायको दुसऱ्या तुकडीत गेली की दोघंही गळतात. प्रश्नावली चिठ्ठ्यांच्या आधी भरायची, हा क्रम चुकवू नका. नंतर भरली तर ‘थांबा’ म्हटलेल्यांची नाराजी गुणांत उतरते.

एवढं करूनही पंधरा विरुद्ध पंधरा माणसांत ठाम काही सिद्ध होत नाही. दोन जणांच्या घरी काही बरंवाईट झालं तरी सरासरी हलते. शहरातली सहा-सात केंद्रं एकच प्रश्नावली, तेच आठवडे धरून आकडे एकत्र करतील तर गोष्ट वेगळी. ते जमत नसेल तर ‘सिद्ध झालं’ हा शब्द वापरू नका. हजेरी, गळती आणि लोकांचे शब्द एवढं प्रामाणिकपणे मांडा. तेही पुष्कळ आहे.

प्रश्नावलीत खरी मेहनत भाषांतराची. एकाकीपणाचे तीन प्रश्न वरवर सोपे आहेत: सोबत नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला बाजूला टाकलंय असं किती वेळा, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा, उत्तरं ‘क्वचितच’, ‘कधीकधी’, ‘बरेचदा’. पण ‘एकटे असता का?’ असं विचारलंत तर एकटं राहणारी सुखी बाई ‘हो’ म्हणेल आणि भरल्या घरात कुढणारी ‘नाही’ म्हणेल. दुसरा प्रश्न सुनेसमोर विचारला तर घराण्याची अब्रू मधे येते. म्हणून घरी जाऊन विचारू नये. केंद्रातच, बाजूच्या खोलीत, एकेकट्याला. एकानं मराठी करावं, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्याचं परत इंग्रजी करावं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहावीत. मग पाच जणांवर तालीम, त्यांतले दोन तरी कमी शिकलेले.

खिन्नतेसाठी पंधरा प्रश्नांची हो-नाही मोजपट्टी चालते, ५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासणी हवी. तिच्यात ‘बाहेर जाऊन नवं काही करण्यापेक्षा घरीच राहणं बरं वाटतं का?’ असा प्रश्न आहे. भर पावसात, फुटपाथ उखडलेल्या रस्त्यावर राहणारा कुणीही शहाणा माणूस याला ‘हो’ म्हणेल, म्हणून गुणांबरोबर महिनाही नोंदवा. ही मोजपट्टी लावणार असाल तर गुण जास्त आलेल्याचं काय करायचं ते आधी ठरवा: कुठले डॉक्टर, कोण सोबत जाणार. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतसेवेचा १४५६७ हे क्रमांक प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात हवेत.

स्मृतीची चाचणी शक्यतो घेऊच नका. तीच चाचणी तीन महिन्यांनी परत घेतली की नुसत्या ओळखीनं गुण वाढतात. शिवाय प्रचलित चाचण्यांत वाक्य लिहून दाखवायला सांगतात. शाळेत न गेलेल्या आजी तिथेच नापास. याच अडचणीमुळे हरियाणातल्या बल्लभगढ भागात हिंदीत वेगळी चाचणी बनवावी लागली होती. नृत्याचा वर्ग असेल तर मात्र घड्याळ लावून बघण्यासारखं एक आहे: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. शेजारी एक जण हात पुढे करून उभा हवा.

संमतीपत्र एका पानाचं, टाइप सोळा पॉइंटचा, आणि सही आजच पाहिजे असा आग्रह नको. या वयात ‘इथे सही करा’ म्हटलं की लोकांना घराचे कागद आठवतात. पान घरी नेऊ द्या.

मोजण्याइतकंच महत्त्वाचं, वर्गात नेमकं काय घडलं याची नोंद. अपयश कलेचं की खुर्च्यांचं, हे त्यावरूनच कळतं. उतारवयात बायकांचा आवाज खाली येतो, पुरुषांचा किंचित वर जातो. शिकवणाऱ्या बाईंनी सवयीनं पेटीची काळी पाच ही पट्टी धरली की अंतऱ्यात तार षड्जाशी, म्हणजे वरच्या ‘सा’शी, निम्म्या जणी नुसते ओठ हलवतात आणि दोन आठवड्यांनी घसा बसल्याचं सांगतात. काळी तीन किंवा त्याखाली उतरून बघा. चित्रकलेत डोळ्यातलं भिंग पिवळट झाल्यानं निळा-हिरवा, निळा-जांभळा हा फरक पुसट होतो, म्हणून समुद्र आणि झाडं शेजारी शेजारी काढायला देऊ नयेत. बारीक ब्रश संधिवाताच्या बोटांत राहत नाही. दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की मुठीत बसतो. पाण्याला प्लास्टिकचा पेला नको, स्टीलची जड वाटी हवी. एक शिक्षक, बारा ते पंधरा माणसं, आणि दर पाच जणांमागे एक मदतनीस. नव्वद मिनिटांच्या वर्गात चाळिसाव्या मिनिटाला सुट्टी, आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. वेळ चार ते साडेपाच. सहाच्या पुढे गेलात की अंधाराला घाबरणारे गळतात, आणि हजेरीपट म्हणेल की त्यांना गाणं आवडलं नाही.

देणगीदाराला खर्च सांगताना भरलेल्या जागांवर सांगा. पंधरा माणसं, बारा वर्ग, म्हणजे १८० जागा. अठरा हजार खर्च असेल तर कागदावर जागेला शंभर रुपये. प्रत्यक्षात ११७ जागा भरल्या असतील तर १५४. ही दुसरी रक्कम सांगितल्यावर रिक्षाभाड्यासाठी वेगळे पैसे मागणं सोपं जातं, कारण रिकाम्या जागांची किंमत समोर दिसते.

राहिली शेवटच्या मोजणीची तारीख. ती स्नेहसंमेलनाच्या दिवशी ठेवू नका. नवी साडी, हातात प्रमाणपत्र, समोर नातवंडं, वर पेढा. त्या दिवशी सगळ्यांचे गुण उत्तम येतात. कार्यक्रमानंतर दहा-बारा दिवस जाऊ द्यात आणि मग विचारा. दुसऱ्या तुकडीलाही त्याच आठवड्यात विचारायचं, आणि तिचा वर्ग त्यानंतरच सुरू करायचा, नाहीतर तुलनाच उरत नाही. पहिल्या तुकडीला तीन महिन्यांनी आणखी एकदा विचारा; ती तारीख पहिल्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, आणि त्या यादीत गळलेल्या सात जणांची नावंही असू द्या.